शर्यतीची नौका सफरीला लावताना: शिडांच्या दोऱ्यांचा फेरविचार

शर्यतीसाठी बांधलेल्या ३३ फुटी शिडाच्या नौकेवर साधारणपणे सहा-सात माणसे असतात आणि तिच्या डेकवरची प्रत्येक दोरी, कप्पी आणि क्लच (दोरी दाबून धरणारी पकड) एवढे हात मदतीला आहेत असे धरूनच बसवलेला असतो. आम्ही मात्र दोघेच होतो, मी आणि माझी पत्नी, आणि अशीच एक जुनी पण भक्कम नौका शर्यतीतून काढून आम्हाला लांबच्या सफरींसाठी वापरायची होती. खालची केबिन राहण्याजोगी करणे वेळखाऊ असले तरी समजण्यासारखे काम होते; डेकवरच्या दोऱ्यांचे काय करायचे, हे मात्र सुरुवातीला कळेना. वाचायला मिळाले ते एक तर शर्यतवाल्यांनी शर्यतवाल्यांसाठी लिहिलेले होते, नाही तर मुळातच सफरीसाठी बांधलेल्या नौकांविषयी होते. सप्टेंबरपासून मेपर्यंत हे काम कसे पुढे सरकले, ते क्रमाने लिहीत आहे.

सप्टेंबरमध्ये आम्ही हत्यारांना हात लावला नाही. डेकचा मोठा आराखडा कागदावर काढला, प्रत्येक दोरी जिथे सुरू होते तिथपासून कॉकपिटपर्यंत, म्हणजे नौका चालवणारे बसतात त्या खोलगट जागेपर्यंत, कशी येते ते पाहिले आणि तिचा मार्ग रंगीत पेन्सिलीने त्यावर आखला. मग प्रत्येक दोरीला एकच प्रश्न विचारला: रात्रीची वेळ आहे, एक जण खाली झोपलेला आहे आणि वारा वाढतो आहे, अशा वेळी ही दोरी लागेल का, आणि लागली तर एकट्याला ओढता येईल का?

या प्रश्नातून निघालेली यादी आमच्या अपेक्षेपेक्षा वेगळी होती. शर्यतीची बारीकसारीक साधने सफरीला निरुपयोगी असतात, हा समज अर्धाच खरा आहे. मेनसेलचा, म्हणजे डोलकाठीमागच्या मुख्य शिडाचा, पुढचा काठ ताणणारा कनिंगहॅम, खालचा काठ ताणणारा आउटहॉल आणि डोलकाठीचे टोक मागे खेचून तिला बाक देणारा बॅकस्टे, या तिन्हींमुळे शीड सपाट होते, त्याची ओढ कमी होते आणि नौका कमी कलते. सफरीवरच्या माणसाला हेच तर हवे असते. याउलट जिबचा, म्हणजे डोलकाठीपुढच्या शिडाचा, कोन अंशाअंशाने बदलणारे इनहॉलर आणि बार्बर हॉलर, स्पिनेकर या मागच्या वाऱ्यासाठीच्या फुगीर शिडाच्या खांबाला वर-खाली धरणाऱ्या दोऱ्या आणि जादा स्पिनेकर हॅलियार्ड (शीड वर चढवणारी दोरी) यांचा उपयोग वेग थोडा वाढवण्यापुरता. शिडाची ताकद कमी करणारी दोरी ठेवायची, वाढवणारी काढायची, हा आमचा नियम झाला आणि तो शेवटपर्यंत टिकला. स्पिनेकरचा खांब मात्र ठेवला, कारण मागून वारा असताना जिब बाहेरच्या बाजूला पसरून धरायला तो उपयोगी पडतो.

ऑक्टोबर कागदपत्रांत गेला. नौकेचा विमा शर्यतीच्या वापरासाठी होता. तो सफरीच्या वापरासाठी बदलून घेताना विमा कंपनीने तीन गोष्टी मागितल्या. डोलकाठी आणि तिला धरणाऱ्या तारा किती जुन्या आहेत याचा पुरावा, रिगरच्या, म्हणजे डोलकाठी-तारांचे काम करणाऱ्या कारागिराच्या, सहीचा तपासणी अहवाल आणि नियोजित बदलांचे लेखी वर्णन. तारा दहा वर्षांपेक्षा जुन्या असतील तर अनेक विमा कंपन्या त्या बदलण्याचा किंवा तपासून घेण्याचा आग्रह धरतात, आणि आमच्या तारांच्या वयाची एकही पावती आधीच्या मालकाकडे नव्हती. त्यामुळे तारा बदलण्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच पानावर येऊन बसला. शर्यतीच्या हँडिकॅपसाठी (वेगवेगळ्या नौकांची बरोबरी साधणाऱ्या वेळेच्या हिशेबासाठी) दिलेले मोजमाप प्रमाणपत्रही आता कालबाह्य होणार होते, कारण त्यात शिडांची आणि डोलकाठीची मापे नोंदलेली असतात आणि ती बदलली की ते लागू राहत नाही. शर्यतीत परत उतरायचा विचार असेल तर याची आधी चौकशी करावी. विमा कंपनीला आम्ही आराखडा आणि फोटो काम सुरू होण्यापूर्वीच पाठवले आणि कोणत्या बदलांना पूर्वपरवानगी लागेल ते लेखी विचारले. डेकवर येणाऱ्या भाराची जागा बदलणार असेल तरच अभियंत्याचे पत्र लागेल, असे उत्तर महिनाअखेर आले. या एका वाक्यामुळे पुढचा एक मोठा निर्णय सोपा झाला. त्याविषयी पुढे येईलच.

नोव्हेंबरमध्ये क्रेनची पाळी लागली आणि डोलकाठी उतरवून घोड्यांवर (आधाराच्या चौकटींवर) आडवी ठेवली. हे करण्यापूर्वी प्रत्येक हॅलियार्डच्या टोकाला बारीक दोरा शिवून तो डोलकाठीतून ओढून ठेवावा आणि दोन्ही टोकांना नाव लिहिलेली पट्टी लावावी. नवी दोरी आत घालताना पुष्कळ त्रास वाचतो. टोकावरच्या कप्प्या काढून पाहिल्या तर दोन कप्प्यांची खोबण चिरत गेलेली होती, कारण पूर्वी तिथून तारेचे हॅलियार्ड जात असत. अशा खोबणीत दोरी घातली तर तिचे आवरण कापले जाते. त्या कप्प्या बदलल्या.

हॅलियार्ड आठ मिलिमीटरचे, डायनीमा या बळकट कृत्रिम धाग्याचे आणि बऱ्याच लांबीवर आवरण काढून हलके केलेले होते. डायनीमा फारच कमी ताणला जातो, पाण्यावर तरंगतो आणि वजनाच्या मानाने पोलादापेक्षाही बळकट असतो. पण त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि तो सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर वितळतो. म्हणून नुसत्या डायनीमाला क्लचची पकड नीट बसत नाही आणि भाराखाली दोरी सरकली तर घर्षणाच्या उष्णतेने ती खराब होऊ शकते. शिवाय आठ मिलिमीटरची ओली दोरी थंड हातांनी ओढणे हा शिक्षेचा प्रकार आहे. आम्ही डायनीमाचा गाभा आणि पॉलिस्टरचे पूर्ण आवरण असलेली दहा मिलिमीटरची दोरी घेतली. मेनसेलला इतक्या कमी ताणाची दोरी लागत नाही, साधे पॉलिस्टर पुरते, असे सांगणारे भेटतात. मला ते पटले नाही: हॅलियार्ड ताणला गेला की वाऱ्याच्या झोतात शिडाचा फुगवटा वाढतो आणि मागे सरकतो, म्हणजे नको तेव्हाच शीड ताकदवान होते. ज्या दोऱ्या सतत सोडा-ओढायच्या असतात, त्या जिबच्या आणि मेनसेलच्या शीट, म्हणजे शिडाचा कोन बदलणाऱ्या दोऱ्या, मात्र साध्या पॉलिस्टरच्या घेतल्या, कारण त्या हाताला मऊ लागतात आणि स्वस्तही पडतात.

आता रनरविषयी, म्हणजे डोलकाठीला मागून धरणाऱ्या दोन सोडा-कसायच्या तारांविषयी, कारण सगळ्यात जास्त चर्चा त्यावर झाली. आमच्या नौकेचा फोरस्टे, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणारी तार, टोकापर्यंत न जाता सुमारे सात-अष्टमांश उंचीवर संपतो. त्याच उंचीवरून मागे दोन्ही बाजूंना रनर उतरतात. नौकेने वारा ओलांडून कूस बदलली की एक रनर सोडायचा आणि दुसरा कसायचा. शर्यतीत यासाठी एक माणूस नेमलेला असतो. दोघांच्या सफरीत ही कटकट नको म्हणून रनर काढून टाकावेत, अशीच माझी सुरुवातीची इच्छा होती.

रिगरने त्याला ठाम नकार दिला आणि कारण कागदावर आकृती काढून समजावले. स्प्रेडर, म्हणजे बाजूच्या तारा बाहेर ढकलून धरणारे डोलकाठीवरचे आडवे दांडे, २० अंश किंवा त्याहून अधिक मागे झुकलेले असतील तर बाजूच्या तारा डोलकाठीला मागूनही आधार देतात आणि रनरशिवाय चालू शकते. आमचे स्प्रेडर नावापुरतेच मागे झुकलेले आहेत. शिवाय पूर्ण मेनसेल वर असताना शिडाच्या मागच्या काठाचा ताण डोलकाठीचा वरचा भाग मागे धरून ठेवतो. पण दुसरा रीफ घेतला, म्हणजे शीड थोडे उतरवून दुसऱ्या टप्प्यापर्यंत लहान केले, की शिडाचा शेंडा फोरस्टेच्या जोडाच्या खाली येतो. तेव्हा फोरस्टे वरचा भाग पुढे ओढतो, शीड मधला भाग मागे ओढते आणि लाटांच्या आपटण्याबरोबर डोलकाठी मधोमध पुढे-मागे हलू लागते. तिचा बाक उलटा झाला तर ती मोडू शकते. म्हणजे शर्यतवाल्यांपेक्षा वारंवार आणि खोल रीफ घेणाऱ्या सफरवाल्यालाच रनरची अधिक गरज असते. दोऱ्या कमी करणे म्हणजे नौका सोपी करणे, हा माझा हिशेब इथे लागू पडत नव्हता.

मग उपाय शिडात शोधला. मेनसेल तशीही नवी शिवायची होती, कारण जुनी लॅमिनेटची होती आणि तिचे थर सुटू लागले होते. शीड शिवणाऱ्याला रनरची मापे दिली आणि मागच्या काठाचा बाहेरचा फुगवटा अशा बेताने कमी करून घेतला की दुसरा रीफ घेतल्यावर शिडाचा मागचा काठ आणि बूम (मेनसेलचा खालचा काठ धरणारा आडवा दांडा) दोन्ही रनरच्या पुढून, त्यांना न अडकता जातील. आता जोराच्या वाऱ्यात दोन्ही रनर कसलेले ठेवता येतात आणि कूस बदलताना त्यांना हात लावावा लागत नाही. हलक्या वाऱ्यात वाऱ्याआडचा रनर सैल करून रबरी दोरीने बाजूच्या तारांकडे ओढून ठेवतो. रनरचा वरचा भाग तारेऐवजी डायनीमाचा केला, म्हणजे तो शिडावर घासला तरी कापड फाटत नाही. अशा दोरीला गाठ मारू नये. गाठीने तिची ताकद निम्मी किंवा त्याहूनही कमी होऊ शकते, तर नीट घातलेल्या गुंफणीत (दोरीचे टोक तिच्याच आत ओवून केलेल्या जोडात) ती बहुतांश टिकते. गुंफणीत आत पुरायची लांबी दोरीच्या व्यासाच्या सुमारे ७२ पट ठेवायची असते, म्हणजे आठ मिलिमीटरच्या दोरीसाठी ५८ सेंटिमीटरच्या आसपास. पाहताना ती अवाजवी वाटते, पण कमी करू नये.

डिसेंबर आणि जानेवारी शीड शिवून येण्याची वाट पाहण्यात आणि बूमच्या कामात गेले. शिडाची मागणी नोंदवायला उशीर करू नये. हंगामापूर्वीचे महिने शिवणाऱ्यांकडे सर्वांत गर्दीचे असतात. जुन्या मेनसेलचा पुढचा काठ डोलकाठीच्या खोबणीत सरळ सरकत जाणारा होता, त्यामुळे शीड खाली घेतले की ते खोबणीतून सुटून डेकभर पसरे आणि त्यावर दोघांनी आडवे पडावे लागे. नव्या शिडाला त्याच खोबणीत बसणाऱ्या सरकत्या गोट्या लावून घेतल्या आणि खोबणीच्या तोंडाला अडसर बसवला. शीड उतरले तरी आता डोलकाठीलाच धरून राहते. त्याच्या जोडीला बूमच्या दोन्ही बाजूंना, उतरणारे शीड बूमवरच झेलणारे लेझी जॅक घेतले, ज्यांच्या दोऱ्या शीड चढवताना सैल करून डोलकाठीला लावता येतात.

जुन्या शिडाला एकच उथळ रीफ होता. नव्याला दोन खोल रीफ घेतले. वर्ल्ड सेलिंग या आंतरराष्ट्रीय नौकानयन संघटनेच्या ऑफशोअर (खुल्या समुद्रातील शर्यतींच्या) नियमांत मेनसेलच्या पुढच्या काठाची लांबी किमान ४० टक्क्यांनी कमी करता येण्याचे माप सापडते. दुसऱ्या रीफसाठी आम्ही तेच धरले. रीफच्या दोऱ्या कॉकपिटमध्ये कशा आणायच्या, याचे दोन मार्ग आहेत. एकाच लांब दोरीने पुढचा आणि मागचा कोपरा एकदम खाली ओढणे ऐकायला सुटसुटीत वाटते, पण त्या दोरीला इतकी वळणे पडतात की खोल रीफच्या वेळी ताकद घर्षणातच जिरते आणि ढीगभर दोरी पायात येते. आम्ही प्रत्येक कोपऱ्याला स्वतंत्र दोरी घेतली, म्हणजे दोन रीफच्या चार दोऱ्या झाल्या. यासाठी नवे क्लच घ्यावे लागले नाहीत, कारण स्पिनेकरच्या काढलेल्या दोऱ्यांचे क्लच मोकळेच होते. मागच्या कोपऱ्याची दोरी बूमवर जिथे बांधायची ती जागा रीफच्या कड्याच्या थोडी मागे हवी, म्हणजे दोरी शिडाला खालीही ओढते आणि मागेही ताणते. ती जागा कड्याच्या नेमकी खाली आली तर शीड फुगलेले राहते आणि रीफ घेण्याचा निम्मा फायदा जातो. शीड प्रत्यक्ष हाती येईपर्यंत या बांधणीसाठी बूमला भोके पाडू नयेत. बूम ॲल्युमिनियमची आणि कडी स्टेनलेसची असेल तर दोन धातूंमध्ये गंजरोधक लेप लावावा, नाही तर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजते.

शर्यतीच्या वेळी रीफ घेताना बूम कुणीतरी खांद्यावर धरत असे, कारण तिला वरून तोलून धरणारी दोरीच नव्हती. बूमला खाली ओढणारा दोर-कप्प्यांचा वँग काढून आम्ही आतून स्प्रिंग असलेला ताठ वँग बसवला, जो बूमला वरही उचलून धरतो. सगळ्या बदलांत पैशाच्या मानाने सर्वाधिक समाधान याने दिले.

मेनसेलच्या शीटविषयी आम्हाला सर्वांनी एकच सल्ला दिला: ट्रॅव्हलर (मेनसेलची शीट डावी-उजवीकडे सरकवणारा आडवा रूळ) कॉकपिटमधून काढून केबिनच्या छतावर न्या, म्हणजे बसायला जागा मोकळी होईल. जागा होते हे खरे. पण शीट बूमच्या टोकाऐवजी मध्यावर ओढू लागली की तिच्यावरचा भार जवळपास दुप्पट होतो, बूमला वाकवणारा जोर वाढतो आणि छताला त्या भारासाठी खालून बळकटी द्यावी लागते. शिवाय विमा कंपनीच्या अटीप्रमाणे अभियंत्याचे पत्र लागले असते. आम्ही ट्रॅव्हलर जिथे होता तिथेच ठेवला. जोराचा झोत आला की सुकाणू न सोडता हात लांब करून तो खाली सरकवता येतो, आणि ही सोय मला बसायच्या जागेपेक्षा मोलाची वाटते. फक्त दोन्ही बाजूंच्या विंचांवर, म्हणजे दांड्याने फिरवून दोरी ओढायच्या ढोलांवर, जाणारी शर्यतीची शीटरचना काढून तिथे सहा पटीची साधी कप्प्यांची जोडी लावली. बॅकस्टेचा हायड्रॉलिक सिलिंडर गळत होता. त्याच्या जागी दोन, दोन आणि चार अशा टप्प्यांची, कागदावर १६ पट जोर देणारी कप्प्यांची साखळी बसवली आणि ठरावीक ताणापलीकडे ती ओढली जाऊ नये म्हणून दोरीला अडथळ्याची गाठ मारली.

फेब्रुवारीत फर्लर आला. पुढचे शीड फोरस्टेभोवती गुंडाळणाऱ्या या यंत्राची जोडणी पुस्तिकेप्रमाणे होते. लक्ष द्यावे लागते ते हॅलियार्डच्या कोनाकडे. वरच्या फिरत्या जोडापासून हॅलियार्ड फोरस्टेला समांतर वर गेला तर तो गुंडाळीबरोबर फिरून अडकतो आणि शीड ना उघडते ना मिटते. बहुतेक उत्पादक साधारण ८ ते १० अंशांचा कोन मागतात. आमच्याकडे तो कमी भरला, म्हणून डोलकाठीवर हॅलियार्डला मागे ओढणारी कडी लावली, आणि हे काम डोलकाठी आडवी असतानाच होणे सोयीचे असते. जेनोआ या डोलकाठीच्या मागेपर्यंत येणाऱ्या १५० टक्क्यांच्या शिडाऐवजी १०५ टक्क्यांचे जिब शिवून घेतले (टक्के फोरस्टे ते डोलकाठी या अंतराच्या मानाने), कारण गुंडाळून लहान केलेले शीड सुमारे ३० टक्क्यांपलीकडे पिशवीसारखे फुगते. शीड गुंडाळले की शीटची कप्पी रुळावर पुढे सरकवावी लागते. पूर्वी त्यासाठी पुढे जाऊन खिटी उचलावी लागे. आता ती कॉकपिटमधून दोरीने ओढता येते.

काढलेल्या सामानाच्या भोकांचे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके म्हणूनच ते नीट करावे लागते. डेकच्या दोन फायबरच्या थरांमध्ये बाल्सा लाकूड असते आणि एखाद्या बोल्टच्या भोकातून पाणी झिरपले तर ते आतल्या आत कुजत जाते. प्रत्येक भोक मोठे करून कडेचे लाकूड कोरून काढले, घट्ट केलेले इपॉक्सी भरले आणि नवे सामान बसणार होते तिथे ते सुकल्यावर त्यातून पुन्हा भोक पाडले. बोल्टखाली पाणी अडवणारी ब्युटिल टेप आणि डेकच्या खालच्या बाजूने रुंद पट्टी दिली. दोन ठिकाणी लाकूड आधीच ओले निघाले, तिथे ते कोरडे होईपर्यंत थांबावे लागले आणि वेळापत्रक मार्चमध्ये घसरले.

विंचांबाबत थोडक्यात: विंचवरचा ४० हा आकडा म्हणजे दहा इंची दांड्याने मंद गतीत मिळणारी ४० पट ताकद. आमच्या विंचांना ताकद पुरेशी होती, पण दोरीचे टोक धरायला दुसरा माणूस लागे. म्हणून त्याच आकाराचे, दोरी स्वतः पकडणारे, वापरलेले विंच घेतले. त्यांच्या जबड्यात आणि क्लचमध्ये कोणत्या जाडीची दोरी बसते ते पाहूनच दोरी विकत घ्यावी, आधी नव्हे.

खर्चाचे आकडे नौकेगणिक बदलतात, पण प्रमाण सांगतो. जवळपास निम्मा खर्च दोन शिडांवर गेला, त्याखालोखाल फर्लर आणि तारा, मग विंच आणि क्रेनचे भाडे. ज्या दोऱ्यांची इतकी चिंता केली, त्यांचा वाटा एक-दशांशाच्या आसपास होता. शर्यतीची चांगल्या स्थितीतली शिडे आणि हायड्रॉलिक पंप विकून थोडी भर निघाली.

एप्रिलच्या सुरुवातीला डोलकाठी पुन्हा उभी राहिली. रिगरने तारा ताणून तपासणी अहवाल दिला, त्यासोबत पावत्या आणि फोटो पाठवल्यावर विमा कंपनीने मेच्या पहिल्या आठवड्यात सफरीच्या वापराची मान्यता कळवली. दरम्यान धक्क्याला बांधलेल्या नौकेवर, वारा पडलेला असताना, आम्ही दोघांनी आलटून पालटून एकेकट्याने रीफ घेण्याचा सराव केला आणि प्रत्येक रीफसाठी हॅलियार्ड कुठपर्यंत सोडायचा त्या जागी दोरीवर रंगीत दोऱ्याने खूण शिवली. अंधारात ती बोटांना लागते.

विम्याच्या मान्यतेला दोन अटी जोडलेल्या आहेत. नव्या तारा सुरुवातीला थोड्या सैलावतात, म्हणून काही आठवडे वापरल्यावर त्या रिगरकडून पुन्हा ताणून घ्यायच्या आणि हंगाम संपल्यावर डोलकाठीच्या टोकापर्यंत तपासणी करून तिचा अहवाल पाठवायचा. वादळी जिबसाठी आतला काढता येणारा फोरस्टे बसवायचा राहिला आहे. त्याचा भार नुसत्या डेकवर घेता येत नाही, तो खाली आडभिंतीपर्यंत पोहोचवावा लागतो आणि त्यासाठी आधी लागणाऱ्या अभियंत्याच्या पत्राचा अर्ज आम्ही विमा कंपनीच्या नमुन्यात आत्ताच भरून ठेवला आहे.